पासबुक, टिपर आणि खाजे: गोव्यात कॉमर्सला नव्याने येणाऱ्यांसाठी

यंदा आमच्या वाड्यावरची दोन मुलं बी.कॉम.ला लागली. प्रवेश झाल्याच्या दुसऱ्या दिवशी घरी आली आणि विचारू लागली, "ताई, आधीपासून काय काय वाचून ठेवायचं?" त्या संध्याकाळी त्यांना जे सांगितलं तेच इथे जरा नीट मांडते आहे. मी स्वतः पाचव्या सेमिस्टरला आहे. घर डिचोली तालुक्यात, कॉलेज पणजीच्या बाजूला, रोज कदंबाच्या सरकारी बसने ये-जा. चार वर्षांच्या पदवीची निम्मी वाट झाली. पहिल्या सेमिस्टरला कुठे अडखळले ते अजून स्पष्ट आठवतं, म्हणून हे आत्ताच लिहायला बसले.

त्या दोघांना मी पुस्तकांची यादी दिली नाही. एकच सांगितलं: एक ओळखीचा धंदा धरा आणि वर्गात येणारा प्रत्येक विषय त्या धंद्यावर बसवून बघा. ते कसं करायचं, कुठून सुरू करायचं, हे आता क्रमाने सांगते.

पायरी १: प्रवेश झाला की एक धंदा निवडा

धंदा मोठा नको. ज्याच्या मालकाला तुम्ही जेवताना प्रश्न विचारू शकता, असा हवा. काकांचं किराणा दुकान, शेजाऱ्याची टॅक्सी, आजोबांचं कुळागर, आईची शिवणाची मशीन, काहीही चालेल. त्या दोघांपैकी एकाच्या घरी भाजी-पावचं हॉटेल आहे, त्याने तेच धरलं. माझे दोन धंदे होते. एक मावशीचं खाज्याचं दुकान, जे जत्रा-फेस्तांच्या हंगामात गावोगाव फिरतं. दुसरा बाबांचा टिपर, म्हणजे खाणीवरचं खनिज वाहणारा ट्रक, जो आता आमच्याकडे नाही.

दोनशे पानी एक वही घ्या. पहिल्या पानावर एवढंच लिहा: पैसे कुठून येतात, कशावर जातात, उधारी कुणाची, मंदी कधी. उत्तरं घरच्यांकडून घ्या, अंदाजाने भरू नका. मी मावशीला विचारलं, "दिवसाला किती सुटतात?" ती म्हणाली, "कुठल्या दिवसाला, बाय? मोठ्या जत्रेच्या की पावसातल्या?" त्या एका उत्तरात हंगामी धंद्याचं अर्धं प्रकरण होतं. ते वर्गात आलं तिसऱ्या सेमिस्टरला, तोवर माझ्या वहीत ते केव्हाच लिहिलेलं होतं.

पायरी २: नावे-जमा पासबुकावरून शिका

इथे थोडं थांबते, कारण नव्याने येणारे सगळ्यात जास्त इथेच गळतात. विशेषतः हायर सेकंडरीला सायन्स किंवा आर्ट्स केलेले.

वर्गात शिकवतात: रोकड आली की रोकड खातं डेबिट, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत नावे. तुम्ही घरी येऊन पासबुक उघडता. तुम्ही बँकेत ५,००० रुपये भरलेले असतात आणि पासबुकात ते 'क्रेडिट' रकान्यात दिसतात. डोकं गरगरतं. मी दोन आठवडे समजत होते की मलाच काहीतरी उलटं ऐकू येतंय. वर्गात विचारायचा धीर होत नव्हता. शेवटी लायब्ररीत एका सीनियर मुलीने एका वाक्यात गाठ सोडवली: "पासबुक तुझं नाही, बँकेच्या वहीची ती नक्कल आहे."

मग सगळं जागेवर बसलं. तुम्ही भरलेले ५,००० हे बँकेच्या दृष्टीने तिने तुम्हाला द्यायचं देणं, म्हणून तिच्या वहीत ते जमा. तुमच्या दृष्टीने बँकेकडून येणं, म्हणून तुमच्या वहीत बँक खातं नावे. एकच व्यवहार, दोन वह्या, दोन बाजू. पुढे बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे या दोन वह्यांचा मेळ घालणं, हे प्रकरण येतं तेव्हा वर्गातली अर्धी मुलं सूत्र पाठ करत असतात. ज्याला ही दोन वह्यांची गोष्ट समजली त्याला पाठ करावं लागत नाही.

आता करायचं काय ते सांगते. घरातल्या कुणाच्या तरी पासबुकाचा एक महिना घ्या. डाव्या पानावर पासबुकातल्या नोंदी जशाच्या तशा उतरवा. उजव्या पानावर त्याच नोंदी त्या माणसाची रोकडवही असती तर कशा लिहिल्या असत्या ते लिहा. दिलेला पण अजून न वटलेला चेक, बँकेने परस्पर कापलेलं शुल्क, तिमाहीचं व्याज, हे तुम्हाला आपोआप भेटत जाईल. एवढं एका महिन्याचं केलंत तर दोन सेमिस्टर पुरतं.

आणि या पद्धतीला घाबरू नका. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या गणित शिकवणाऱ्या पाद्रीने ती छापून मांडली. व्यापारी त्याआधीपासूनच ती वापरत होते. पोर्तुगीज गोव्यात आले त्याच्या जेमतेम सोळा वर्षं आधीची ही गोष्ट. दुकानदारांना आपल्या रोजच्या गरजेतून सुचलेली ही रीत आहे, त्यामुळे दुकानाकडे बघितलं की ती समजते.

पायरी ३: भाषेची भीती वेगळी काढा

आपल्यापैकी खूप जण चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकले आणि पाचवीपासून इंग्रजीत गेले. घरी कोकणी, वर्तमानपत्र मराठी, पेपर इंग्रजीतून. कॉलेजात पहिल्या महिन्यात वाटतं की विषयच कठीण आहे. बहुतेक वेळा कठीण असते ती वाक्यरचना, विषय आधीच ओळखीचा असतो.

मी वहीच्या मागच्या बाजूने एक शब्दसूची सुरू केली. डेप्रिसिएशन म्हणजे घसारा, बॅलन्स शीट म्हणजे ताळेबंद, ड्रॉइंग्ज म्हणजे मालकाने घरखर्चासाठी केलेली उचल, कन्सिडरेशन म्हणजे मोबदला. प्रत्येक शब्दापुढे आपल्या निवडलेल्या धंद्यातलं एक उदाहरण. घसाऱ्यापुढे माझ्याकडे होते टिपरचे टायर. उत्तर इंग्रजीतच लिहायचं असतं, ते लिहा. पण आधी ते मराठीत किंवा कोकणीत कुणाला तरी सांगून बघा. सांगता आलं नाही तर पाठ केलेलं परीक्षेतही टिकत नाही. मी आईला सांगायची, ती भाजी चिरताना ऐकायची आणि जिथे तिला कळलं नाही तिथे मी खूण करून ठेवायची, की इथे मला स्वतःलाच कळलेलं नाही.

पायरी ४: खर्चाचे दोन ढीग करा

कॉस्टिंगचा विषय दुसऱ्या वर्षी येतो, पण त्यातली एक गोष्ट पहिल्या दिवसापासून करता येते: जो खर्च विक्रीबरोबर वाढतो तो एका बाजूला, जो विक्री झाली नाही तरी होतोच तो दुसऱ्या बाजूला.

मावशीच्या खाज्यावर हे कसं बसलं ते आकड्यांनिशी सांगते. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. खाजे किलोला २४० रुपयांनी जातं. बेसन, गूळ, आलं, तीळ, तेल, लाकडं आणि पिशवी मिळून किलोला १४० रुपये लागतात. म्हणजे प्रत्येक किलोमागे १०० रुपये उरतात. मावशीच्या डोक्यात वर्षानुवर्षं हाच हिशेब होता: ३५ किलो खपलं, ३,५०० रुपये सुटले.

आम्ही एका रात्रीचे बाकीचे खर्च लिहिले. जागेचं भाडं १,५००. टेंपो १,२००. दिवाबत्ती ३००. हाताखाली दोन माणसं, प्रत्येकी ६००. एकूण ४,२००. हा खर्च एक किलो खपलं तरी तेवढाच आणि साठ किलो खपलं तरी तेवढाच. ४,२०० ला किलोमागच्या १०० ने भागलं की येतात ४२ किलो. म्हणजे ४२ किलो विकेपर्यंत मावशी फक्त जागेचे, टेंपोचे, दिव्याचे आणि माणसांचे पैसे उभे करत असते. त्र्याऐंशी पानी प्रकरणात ज्याला ब्रेक-इव्हन म्हणतात ते एवढंच. ३५ किलो खपलेल्या रात्री तिला ३,५०० सुटले नव्हते, ७०० रुपये पदरचे गेले होते.

मावशी गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणूनच गल्ल्यात पैसे दिसतात आणि शिमग्यापर्यंत हातात राहत नाहीत."

त्यातून आम्ही काय केलं तेही लिहिते, नाहीतर हिशेब अर्धवट राहील. त्याच जत्रांना जाणाऱ्या एका खेळणीवाल्याबरोबर तिने टेंपो अर्धा-अर्धा केला. ६०० रुपये वाचले आणि ४२ किलोंचे ३६ किलो झाले. दर वाढवला नाही, माल हलका केला नाही. उरलेलं खाजे दहा-पंधरा दिवस टिकतं, म्हणून न खपलेला माल तोटा धरायचा नाही हेही तिथेच समजलं. हेच भाजी-पाववाल्याला लागू नाही, त्याची पातळ भाजी संध्याकाळी टाकूनच द्यावी लागते. एकच सूत्र दोन धंद्यांत वेगळं का वागतं, हे वहीत लिहून ठेवा. तोंडी परीक्षेत नेमकं हेच विचारतात.

एक गोष्ट मात्र सूत्रात बसली नाही. माहेरच्या देवीच्या जत्रेला खप कमी असतो, हिशेबाने तिथे जाऊच नये. मावशी म्हणाली, "तिथे मी हिशेब करायला जात नाही." मी हे कॉस्टिंगच्या मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगदी बरोबर आहे. फक्त त्या रात्रीचा तोटा धंद्याच्या वहीत न घालता घरच्या उचलीत घाल." व्यवसाय वेगळा आणि मालक वेगळा, हे पहिल्या सेमिस्टरला मी नुसतं पाठ केलं होतं. त्या दिवशी त्याचा अर्थ कळला.

पायरी ५: नफा आणि रोकड यांची गल्लत करू नका

ही पायरी माझ्यासाठी सगळ्यात जड होती.

डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतल्या घरांना खाणींबद्दल सांगायला नको. २०१२ साली एकदा सगळं थांबलं. पुढे खाणी पुन्हा सुरू झाल्या आणि २०१६ मध्ये बाबांनी कर्ज काढून जुना टिपर घेतला. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून खनिज काढणं बंद झालं. मी तेव्हा शाळेत होते. फणसाच्या झाडाखाली उभा असलेला टिपर, त्याच्यावर पडलेली पानं आणि दर महिन्याला बँकेचा फोन, एवढंच मला कळत होतं.

दुसऱ्या सेमिस्टरच्या सुट्टीत मी बाबांजवळ बसून त्या गाडीचा हिशेब मांडला. त्यांनी जुनं पासबुक, डिझेलची बिलं आणि विम्याचे कागद एका पिशवीतून काढून दिले. बाबांचा हिशेब असा होता: भाड्याचे पैसे आले, त्यातून डिझेल, ड्रायव्हर आणि हप्ता गेला, उरलं ते आपलं.

त्यात दोन गोष्टी मिसळल्या होत्या. कर्जाच्या हप्त्यात व्याज असतं आणि मुद्दल असतं. व्याज हा खर्च, मुद्दल हे देणं फेडणं. नफा-तोटा पत्रकात मुद्दल येत नाही. पण खिशातून मात्र दोन्ही जातात. उलट घसारा खिशातून जात नाही, पण तो खर्चच असतो. भाड्याने चालवल्या जाणाऱ्या मालगाडीवर आयकराच्या नियमाने घटत्या किमतीवर ३० टक्के घसारा धरतात. समजा गाडी १० लाखांची, तर पहिल्या वर्षाअखेरीस वहीत ती ७ लाखांची, दुसऱ्या वर्षाअखेरीस ४ लाख ९० हजारांची. बाबांनी गाडीची ही झीज कधीच मोजली नव्हती. चालू काळात घरात जे पैसे "उरलेले" वाटत होते, त्यात गाडीचा एक तुकडा दर महिन्याला विकून खाल्ल्यासारखं होतं.

आणि तिसरी गोष्ट, जी पुस्तकातल्या घसाऱ्यातही बसत नाही. खाणी थांबल्या तेव्हा आसपासच्या सगळ्या गावांतले टिपर एकाच वेळी विकायला निघाले. घ्यायला कुणी नाही. वहीत गाडीची किंमत काहीही असो, बाजारात ती गिऱ्हाईक ठरवतं, आणि या सगळ्या गाड्यांना काम देणारं गिऱ्हाईक एकच होतं, खाणी. डिझेलचा खर्च गाडी थांबली की थांबतो, हप्ता आणि विमा थांबत नाही. टिपर २०२० मध्ये मिळेल त्या किमतीला गेला.

हिशेब पुरा झाला तेव्हा बाबा म्हणाले, "हे तेव्हा कुणी मांडून दाखवलं असतं तर दुसऱ्या गाडीचं बघितलंच नसतं." दुसरी गाडी त्यांनी घेतली नव्हती, पण बोलणी सुरू होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना कळकळीने सांगते: निवडलेल्या धंद्यासाठी दोन वेगळी पानं ठेवा. एकावर महिन्याचा नफा-तोटा, दुसऱ्यावर महिन्याची रोकड. दोन्हींत फरक का पडला ते प्रत्येक महिन्याला एका ओळीत लिहा: उधारी, साठा, मुद्दल, घसारा. आणि तिसरी एक ओळ जोडा, आपलं गिऱ्हाईक एकच आहे का? परीक्षेला ही ओळ विचारणार नाहीत. तरीही लिहा.

पायरी ६: वर्गाबाहेर जा, आणि लवकर जा

तिसऱ्या सेमिस्टरला आमच्या गटाने मार्केटिंगचा प्रोजेक्ट केला. ऑनलाइन फॉर्म तयार केला, व्हॉट्सॲपवर फिरवला, दोन दिवसांत शंभर उत्तरं. तक्ते सुंदर झाले. सरांनी एकच विचारलं: "यातले कॉलेजबाहेरचे किती?" चौघे. आमचा विषय होता गावठी मिरची आणि भाजी कोण, कुठे, का घेतं. घरात भाजी आणणाऱ्या एकाही माणसाला आम्ही विचारलं नव्हतं.

मग आम्ही शुक्रवारी पहाटे म्हापशाच्या बाजारात गेलो. एका हरमल मिरचीवालीपाशी दोन तास उभे राहिलो. तिने मालाचे तीन ढीग केले होते आणि तिन्हींचे दर वेगळे. आमच्या डोळ्यांना तिन्ही सारखेच. तिला विचारलं तर म्हणाली, पहिला ढीग पुरुमेंताला, म्हणजे पावसाआधीच्या साठवणीला, घेऊन वर्षभर ठेवणाऱ्यांसाठी, तो पूर्ण सुकलेला. दुसरा महिनाभरात संपवणाऱ्यांसाठी. तिसरा हॉटेलवाल्यांचा, त्यांना रंग हवा. पुस्तकात बाजाराचे भाग पाडणं या नावाने जे वीस पानांत येतं, ते तिने गोणपाटावर मांडून ठेवलं होतं.

पुरुमेंत हा तर आपल्याकडचा साठ्याचा धडाच आहे. पावसाआधी मे महिन्यात मिरची, कोकम, सुकी मासळी, कांदे घेऊन ठेवायचे. तेव्हा दर कमी, पण पैसे गुंततात, जागा लागते, दमट हवेत माल खराब होतो. साठ्याचा खर्च आणि टंचाईचा खर्च यांतली ओढाताण समजायला याहून जवळचं उदाहरण मला सापडलेलं नाही.

प्रोजेक्टच्या गटाबद्दल एवढंच: पहिल्याच दिवशी कोण काय करणार ते कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. मैत्रिणी असल्या तरी घ्या. आमच्या गटात ते केलं नव्हतं, आणि शेवटच्या रात्री दोघींनी सहा जणांचं काम केलं. दुसऱ्या प्रोजेक्टला सह्या घेतल्या, मैत्रीही टिकली.

पायरी ७: कायदा मुळातून वाचा

गाइडमधून वाचलेला कायदा लक्षात राहत नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा, भागीदारी कायदा १९३२ चा, कंपनी कायदा २०१३ चा. सगळे सरकारच्या इंडिया कोड या संकेतस्थळावर फुकट आहेत. रोज दोन कलमं वाचा आणि वहीतल्या धंद्याला लावा. भागीदारी संस्थेची नोंदणी सक्तीची नाही, मग करायची कशाला? कलम ६९ वाचलं की कळतं: नोंदणी नसेल तर करारातले हक्क वसूल करायला संस्थेला सहसा कोर्टात दावाच लावता येत नाही.

गोव्यातल्यांनी एक खास गोष्ट लक्षात ठेवावी, कारण बाहेर छापलेल्या पुस्तकांत ती दोन ओळींत उरकतात. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. त्यामुळे पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे धंद्याचं, घरभाड्याचं, व्याजाचं, आयकरासाठी दोघांत निम्मं-निम्मं वाटलं जातं. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम ५अ. १ एप्रिल २०२६ ही २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होण्याची तारीख. त्यात कलमांचे आकडे बदलतात, म्हणून सीनियरच्या जुन्या नोट्स डोळे झाकून वापरू नका.

पायरी ८: कागदाची कामं

इथे जास्त बोलत नाही, पण चुकवू नका. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. आयएसए म्हणजे सेमिस्टरमधल्या चाचण्या, त्यांच्या तारखा पहिल्याच आठवड्यात वहीत लिहा, कारण तिथले गुण सोपे असतात आणि तेच निसटतात. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिटची, चार वर्षांची ऑनर्स १६० ची. वर्गातल्या शिकवणीचे १५ तास म्हणजे एक क्रेडिट. क्रेडिट जमा होतात ते एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खातं डिजिलॉकरवरून उघडता येतं. त्यावरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे ना, ते आजच बघा. कदंबाचा विद्यार्थी पास काढायला कॉलेजचा शिक्का लागतो, तोही पहिल्याच आठवड्यात घ्या. एक्सेल मात्र कुणी शिकवेल म्हणून थांबू नका. मावशीचा हिशेब मी त्यावर मांडला आणि टेंपोचा एक आकडा बदलल्यावर खालचे सगळे आकडे आपोआप बदलताना बघून तिथेच शिकले.

पायरी ९: पहिल्या वर्षानंतरच्या सुट्टीत काम धरा

हॉटेल, वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतली कंपनी, सहकारी सोसायटी, सीएचं ऑफिस, कुठेही. मी म्हापशातल्या एका सीएंकडे मे महिन्यात बसले. विचारायला स्वतः जा, आणि वेळ बघून जा. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात, त्या दिवसांत ऑफिसात कुणाला मान वर करायला सवड नसते. जुलै आणि सप्टेंबरच्या अखेरीसही जाऊ नका. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, एका पानाचा अर्ज आणि आपली ती वही घेऊन जा. माझा अर्ज त्यांनी बाजूला ठेवला आणि खाज्याची पानं चाळली.

पहिल्या दिवशी माझ्यासमोर एका किराणा दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी ठेवली. आत तीन महिन्यांची बिलं, काही तेलाने माखलेली. ती तारखेप्रमाणे लावायला दीड दिवस गेला. मग ती जीएसटीआर-२बी शी, म्हणजे विक्रेत्यांनी चढवलेल्या बिलांच्या यादीशी, जुळवायची. एका घाऊक विक्रेत्याची चार बिलं तिथे दिसेचनात. दुकानदाराने कर भरून माल घेतला होता, पण विक्रेत्याने बिलं चढवलीच नव्हती, त्यामुळे दुकानदाराची करवजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, अडकली. मला त्या विक्रेत्याच्या ऑफिसात फोन करायला सांगितलं. चार दिवस केला. पाचव्या दिवशी बिलं चढली. जीएसटीच्या पेपरला इनपुट टॅक्स क्रेडिटचा प्रश्न आला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती तेलकट बिलं होती.

पुढे सीए करायचं मनात असेल तर हे लक्षात असू द्या: बी.कॉम. ५५ टक्क्यांनी झालेल्याला फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरमीडिएट या पुढच्या टप्प्याला नोंद करता येते. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आता दोन वर्षांची आहे. सुट्टीत अशा ऑफिसात महिनाभर बसलात तर ती दोन वर्षं आपल्याला पेलतील का, याचा अंदाज येतो.

परवा रविवारी ती दोन मुलं पुन्हा आली. हॉटेलवाल्याने वही आणली होती. पहिल्या पानावर त्याने पाव, भाजी, बन, मिरची, चहा यांचे दर आणि खर्च लिहिले होते, दोन्ही ढीग केले होते, आणि गॅस सिलिंडरपाशी येऊन थांबला होता. "ताई, हा कुठल्या ढिगात? गिऱ्हाईक येवो न येवो, सकाळी कढई चढवावीच लागते. पण शनिवारी सिलिंडर लवकर संपतो."

मी त्याला सरळ उत्तर दिलं नाही. सिलिंडर कधी लावला आणि कधी संपला त्या तारखा, आणि त्या दिवसांत किती पाव खपले, हे महिनाभर लिहायला सांगितलं. आम्ही मिळून चार रकाने आखले. त्याची आई आतून हाक मारत होती, पण तो पहिली तारीख लिहून मगच उठला.